खालची तार

गावाचं नाव आहो.
फोनवर पहिल्यांदा सांगितलं तेव्हा
आई म्हणाली, कुणाला हाक मारतेस गं?

शनिवारी पहाटे साडेचारला
जुन्या रेल्वे स्टेशनाच्या कमानीखाली
आम्ही सातजण जमतो :
खाण बंद पडली तरी गाव न सोडलेला रेफुहियो,
जांभया देणारी त्याची नात,
ओओधम वस्तीवरची डेल्फीन,
जिच्या थर्मासमधली कडू कॉफी
सगळे नावं ठेवत पितात,
मिशिगनच्या बर्फाला कंटाळून आलेले तीन म्हातारे,
आणि मी, दवाखान्यात औषधांच्या खिडकीत बसणारी.

आज पाऊण मैल.
खालची काटेरी काढायची, गुळगुळीत बांधायची.

ज्यांच्यासाठी हे, ती क्वचितच दिसतात.
पुस्तक म्हणतं, हे हरीण नव्हे, कुरंगही नव्हे,
याचं कूळ निराळं, आणि कुळात हे एकटंच उरलंय.
इथे सगळे तरीही अँटिलोपच म्हणतात.
मी मनातल्या मनात कुरंग म्हणते.
दुसऱ्याच कुळाचं नाव लावून राहायची
मला सवय आहे.

ताशी पंचावन्न मैल धावतं,
पण उडी मारत नाही.
उघड्या माळावर त्याच्या वाडवडलांना
कधी गरजच पडली नाही.
तारेपाशी येतं, थांबतं,
कडेकडेने चालत राहतं.
पाणी पलीकडे.
मग कधीतरी गुडघे टेकून खालून सरपटतं
आणि पाठीचे केस काट्यांवर राहतात.

ते केस मी पाहिलेत. आतून पोकळ,
दाढीच्या ब्रशासारखे राठ.
रेफुहियोने सोडवून माझ्या तळहातावर ठेवले.
बोलला काही नाही.
पक्कड पुढे केली.

करमाळ्यात आमचं हार्डवेअरचं दुकान होतं.
काटेरी तार किलोवर.
शाळेतून आले की तराजूवर भेंडोळं चढवायचे,
हात सोलवटायचे.
हातमोजे विकायला असतात, बाबा म्हणायचे,
घालायला नाही.
गिऱ्हाईक म्हणायचं, काळवीट फार झालेत हो माळावर.
बाबा म्हणायचे, मग बारा गेजची न्या.
किती मैल विकली असेल मी,
कुठे कुठे ठोकली गेली,
कधी विचारलं नाही.

एका दुष्काळात
सीमेच्या या बाजूला एकवीस उरली होती.
एकवीस!
सोमवारी आमच्या दवाखान्याच्या बाकांवर
याहून जास्त माणसं खोकत असतात.
आता किती आहेत यावर सभेत वाद होतो.
"तुमचं मोजून झालं की सांगा," डेल्फीन म्हणते,
"तोवर मी टाकी भरून येते."

वेल्डन टटल तीन वर्षं सभेला आला,
मागच्या खुर्चीत हाताची घडी घालून बसला.
तार त्याची, गाई त्याच्या.
वरच्या तारा राहू दे, डेल्फीन म्हणाली,
खालची तेवढी उचल, अठरा इंचांवर.
चौथ्या वर्षी त्यानेच खिशातून टेप काढली.
वीस घ्या, म्हणाला,
माझी वासरं काही इतकी रोड नाहीत.

उन्हं चढली. भेंडोळं गाडीत टाकलं.
वजन हातालाच कळतं अजून :
बावीस किलो, थोडं वरच.

नात तारेखालून सरपटून पाहते,
पाठ लागते का ते.
तिची नाही लागली.
मग मला म्हणते, आता तू.
छप्पन्नाव्या वर्षी पोटावर पडले,
तोंडात धूळ, कोपराला खडा,
आणि सदरा कुठेही न अडकता
पलीकडे गेले.

समोरच लेंड्या. ओल्या.
एक, दोन, नात मोजायला लागली.
डेल्फीनने हाक मारली,
इकडे ये, पाइप धर.